इंजेक्शनच्या गाडीला जुनी टाकी: वाचकांचे प्रश्न

या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आली आहेत: कार्ब्युरेटरच्या काळातली टाकी फ्युएल इंजेक्शनच्या मोटारसायकलवर चढवायची. कार्ब्युरेटरला पेट्रोल टाकीतून आपोआप उतरतं, इंजेक्शनमध्ये मात्र पंप ते दाबाने इंजेक्टरला, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोटीला, पोचवतो. कुणाला जुना आकार हवा आहे, कुणाची नवी टाकी गंजली आहे. प्रश्न थोडे आटोपशीर करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: माझी २०१३ ची इंजेक्शनवाली रॉयल एनफिल्ड क्लासिक ५०० आहे. टाकी तळाला दोन ठिकाणी पाझरते. नाना पेठेत क्लासिक ३५० ची कार्ब्युरेटरवाली टाकी चांगल्या स्थितीत मिळते आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मेस्त्री म्हणतो, सहज बसेल. घेऊ का? (वाचक, पुणे)

बोल्टला बसेल, पण गाडी चालणार नाही. दोन्ही टाक्या उलट्या करून शेजारी ठेवा, म्हणजे फरक लगेच दिसेल. ३५० च्या टाकीला तळाशी कॉकपुरतं (पेट्रोल उघड-बंद करायच्या चावीपुरतं) बारीक तोंड असतं. ५०० च्या टाकीला तळाशी मोठं गोल भोक, त्याभोवती सपाट बैठक आणि बोल्टची रांग असते. त्या भोकातून पंप टाकीच्या आत जातो. पंपासोबत जाळी, प्रेशर रेग्युलेटर आणि पेट्रोल संपत आल्याचा दिवा लावणारा सेन्सर असं सगळं एकाच जोडणीत असतं.

इंजेक्टरला सुमारे ३ बार दाब लागतो. कॉकमधून पेट्रोल नुसतं स्वतःच्या वजनाने उतरतं. टाकीतली पातळी इंजिनच्या तोंडापासून ३० सेंटिमीटर वर धरली, तरी तो दाब जेमतेम ०.०२ बार भरतो. म्हणजे हव्या त्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे ‘कॉकची नळी सरळ इंजेक्टरला जोडू’ असं कुणी सुचवलं, तर तिथून टाकी उचलून घरी आणा.

आमचा सल्ला असा, की आधी तुमचीच टाकी नीट तपासून घ्या. रंग खरवडून पाझरणाऱ्या जागेच्या आजूबाजूचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. आवाज खणखणीत येत असेल आणि पत्रा दबत नसेल, तर ठिगळ लावून पितळी ब्रेझिंग (पितळ वितळवून सांधणं) करता येतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. पत्रा बोटाखाली मऊ लागत असेल, तर इंजेक्शनचीच जुनी टाकी शोधा. पोचे पडलेली, रंग उडालेली, पण आतून स्वच्छ असलेली ५०० ची टाकी ही चकचकीत ३५० च्या टाकीपेक्षा कितीतरी चांगला सौदा आहे. डेंटिंग-पेंटिंगचं काम कुठेही होतं. पंपाची बैठक लावून देणारा कारागीर मात्र शोधावा लागतो.

दोन्ही जमलं नाही, तरच तिसरा मार्ग: तुमच्या गंजलेल्या टाकीतली पंपाची बैठक कापून ३५० च्या टाकीत बसवायची. ती बैठकच गंजलेली असेल तर हा मार्गही बंद. टाकीत शिरलेलं पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने सगळ्यात खालच्या जागी साचतं, त्यामुळे बहुतेक टाक्या पहिल्यांदा बैठकीच्या कडेलाच खातात. कापण्यापूर्वी पंप काढून ती कड बोटाने चाचपा.

प्रश्न: बैठक कापून वेल्ड करायची तर काम कोणत्या क्रमाने आणि कसं करावं? गावात वेल्डिंगवाला आहे, पण त्याने टाकीचं काम केलेलं नाही. (वाचक, सातारा जिल्हा)

पेट्रोलच्या टाकीचं काम न केलेल्या माणसाला हे देऊ नका. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगी पुरते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र नेमकं हे मिश्रण तयार होतं. वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे झाकण उघडं ठेवून ती आपोआप निघून जात नाही. पत्र्याच्या सांध्यात आणि जुन्या अस्तराखाली (टाकीला आतून दिलेल्या थराखाली) मुरलेलं पेट्रोल तर धुतल्यावरही राहतं आणि पत्रा तापला की पुन्हा वाफ सोडतं. गाडीच्या सायलेन्सरचा धूर टाकीत भरून वेल्डिंग करायची जुनी रीत अजून ऐकू येते. त्या धुरात किती प्राणवायू उरला आहे हे कुणालाच कळत नाही, म्हणून ती रीत सोडून द्या.

तयारी दोन्ही टाक्यांची करायची, कारण कापायची टाकीसुद्धा पेट्रोलचीच आहे. कॉक, पंप, झाकण, सेन्सर सगळं काढा. गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने तीन-चार वेळा खळखळून धुवा. जुनं अस्तर असेल तर ते आधी पूर्ण काढा. मग टाकी उघडी ठेवून उन्हात कडकडीत वाळवा.

बैठक कापताना भोवती २०-२५ मिमी पत्रा राखा. हे काम पत्रा कापायच्या हातकात्रीने करा, ग्राइंडर लावू नका. ३५० च्या टाकीत तिची जागा आखताना तीन गोष्टी मोजून घ्या. पंपाच्या उंचीइतकी खोली वर मिळते का? गाडीवर चढवल्यावर पंपाची नळी आणि कपलर फ्रेमला किंवा इंजिनच्या डोक्याला घासत नाही ना? आणि बैठक टाकीच्या खोल बाजूला येते का? या टाक्यांचं पोट मधोमध फ्रेमच्या नळीसाठी वर दबलेलं असतं, त्यामुळे तळाशी दोन कप्पे होतात. पातळी त्या उंचवट्याखाली गेली की पलीकडच्या कप्प्यातलं पेट्रोल पंपापर्यंत पोचत नाही. जागा ठरवताना मूळ ५०० च्या टाकीची मापं उतरवून घेतली की हा घोळ होत नाही.

वेल्डिंग टिगचंच (आर्गॉन वायूच्या आवरणात होणारं) हवं. एवढ्या पातळ पत्र्यावर साध्या रॉडने भोकं पडतात. वेल्डिंग चालू असताना टाकीत हळू आर्गॉन सोडत राहायचं आणि एक तोंड कायम उघडं ठेवायचं. बंद टाकी तापवायची नाही. बैठकीवर ६ ते ८ मिमी जाडीची सपाट लोखंडी पट्टी बोल्टने आवळून मगच डाग द्या. समोरासमोरच्या बाजूंना छोटे टाके टाका आणि पत्रा गार होऊ देत शिवण पूर्ण करा. एका दमात फिरवलेली शिवण बैठकीला पीळ देते, आणि पीळ पडलेल्या बैठकीवर कितीही चांगलं पॅकिंग टाका, ते पाझरणारच. गार झाल्यावर पट्टी काढून बैठकीवर स्टीलची फूटपट्टी आडवी-उभी धरा. खालून ०.२ मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) शिरत असेल, तर बैठक घासून सपाट करा.

कॉकचं जुनं तोंडही बंद करावं लागेल. तिथे आटे असलेलं बूच आणि वॉशर लावून ठेवा, टाकी रिकामी करायला ते कामाला येतं.

यानंतर सगळी तोंडं बंद करून ०.२ बार, म्हणजे सुमारे ३ पीएसआय हवा भरा आणि शिवणीवर साबणाचं पाणी लावा. हवा सायकलच्या पंपाने भरा. कॉम्प्रेसरची पूर्ण हवा सोडली तर टाकीच्या बाजू फुगतात आणि त्या परत आत येत नाहीत. गळती नसेल तर गंज काढणं, मग अस्तर, मग रंग आणि सगळ्यात शेवटी पंप. हा क्रम उलटा केलात तर वेल्डिंगची उष्णता अस्तर आणि रंग दोन्ही जाळेल. पंपाचं पॅकिंग नवंच घ्या आणि बोल्ट तिरक्या जोड्यांनी, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा.

प्रश्न: मला कास्ट आयर्न इंजिनच्या जुन्या बुलेटची टाकी इंजेक्शनच्या ५०० वर हवी आहे. तिच्या तळाला भोक पाडायची इच्छा नाही. पंप टाकीबाहेर लावता येतो असं ऐकलं. (वाचक, कोल्हापूर)

येतो. पण त्यासाठी पंप, रेग्युलेटर, नळ्या, परतीची वाट अशी अख्खी यंत्रणा नव्याने उभी करावी लागते. टाकीच्या पोटातली खाच तुमच्या फ्रेमवर बसते का आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळल्यावर टाकीला लागत नाही ना, हे सगळ्यात आधी पाहा. तिथेच अडलं तर पुढचा खर्च करूच नका.

टाकीतला पंप सभोवतालच्या पेट्रोलमुळे गार राहतो, तो काढून बाहेर लावला तर जळतो. बाहेर लावण्यासाठीच बनवलेला इनलाइन पंप घ्या. असे पंप पेट्रोल पुढे जोरात ढकलतात, पण वर खेचण्यात कमजोर असतात. त्यामुळे त्याची जागा कॉकच्या खाली हवी, रबरी बुशवर आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब.

बहुतेक जोडण्या फसतात त्या पुढच्या हिशेबात. तुमची गाडी ताशी ९० च्या वेगाने, लिटरला ३० किलोमीटर धरून, तासाला ३ लिटर पेट्रोल पिते. पंप मात्र तासाला ६० लिटर किंवा त्याहून जास्त फिरवतो. उरलेलं सगळं रेग्युलेटरमधून परत टाकीत गेलं पाहिजे. म्हणजे टाकीला एक परतीचं तोंड लागतंच, आणि कॉकमधून इंजिनच्या गरजेइतकं नाही तर पंप फिरवेल तितकं पेट्रोल उतरावं लागतं. जुना कॉक हे करू शकतो का, ते घरीच तपासता येतं. नळी मोजपात्रात सोडून कॉक एक मिनिट उघडा ठेवा. ६० लिटरच्या पंपासाठी १ लिटरच्या वर पेट्रोल आलं पाहिजे, आणि तेही टाकी अर्ध्याहून कमी भरलेली असताना. नाही आलं तर पंपाच्या तोंडाशी पेट्रोलऐवजी वाफेचे बुडबुडे होतात, पंप किंचाळल्यासारखा आवाज करतो आणि लवकरच जातो. अशा वेळी कॉक काढून ८ ते १० मिमी आतल्या मापाचं सरळ तोंड बसवा.

परतीचं तोंड कॉकपासून लांब, टाकीच्या वरच्या भागात द्या. ते जवळ दिलं तर पंपातून फिरून आलेलं गरम, फेसाळ पेट्रोल पुन्हा लगेच पंपात जातं. हे तोंड बसवायला ब्रेझिंग करावंच लागेल, म्हणजे टाकीला अजिबात हात न लावता हे काम होत नाही. ते मान्य नसेल तर इथेच थांबलेलं बरं.

जोडणीचा क्रम असा: टाकी, जाडसर जाळीचा फिल्टर, पंप, इंजेक्शनसाठीचा धातूचा बारीक फिल्टर, ३ बारचा रेग्युलेटर. तिथून एक नळी इंजेक्टरला आणि एक परत टाकीत. मूळ पंपाच्या रेग्युलेटरचा दाब मॅन्युअलमध्ये पाहून नवा रेग्युलेटर त्याच आकड्याचा घ्या. कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा स्वस्त पारदर्शक फिल्टर पंपाच्या पुढे कधीही लावू नका. तो ३ बारला फुटतो, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. दाबाच्या बाजूची नळी ‘जे३० आर९’ असा छाप असलेलीच हवी. आर६ आणि आर७ या कमी दाबाच्या नळ्या आहेत. क्लॅम्प दुमडलेल्या कडेचे, नटबोल्टने आवळायचे घ्या. आटे कापलेली साधी पट्टी रबरात रुतते आणि नळी तिथेच चिरते. इंजेक्टरकडचा झटपट जोडायचा प्लास्टिकचा कनेक्टर मूळचाच ठेवा, त्याच्यावर रबरी नळी ओढून क्लिप मारू नका.

आणि पंपाची वीज मूळ कपलरमधूनच, ईसीयू (इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक) चालवतो त्या रिलेवरून घ्या. बॅटरीवरून सरळ वायर ओढली तरी गाडी चालू होते, म्हणून बरेच जण तसंच सोडतात. पण गाडी पडली की रोल सेन्सर ईसीयूमार्फत पंप बंद करतो. सरळ वायरवरचा पंप मात्र आडव्या पडलेल्या गाडीवरही ३ बारने पेट्रोल ढकलत राहतो.

प्रश्न: टाकी बदलून घेतली. शहरात गाडी ठीक चालते, पण हायवेवर ऐंशीच्या पुढे झटके मारते. उन्हात दहा मिनिटं उभी केली की सेल्फ मारूनही लवकर चालू होत नाही. मेस्त्री इंजेक्टर बदला म्हणतो. (वाचक, नागपूर)

इंजेक्टरला हात लावण्याआधी दाब मोजा. पंप आणि इंजेक्टर यांच्यामध्ये टी-जोड टाकून ० ते ६ बारचं प्रेशर गेज लावा. नळी काढण्यापूर्वी पंपाचा कपलर काढून गाडी चालू करा आणि ती आपोआप बंद पडू द्या. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. असं केलं नाही तर नळी निघताच पेट्रोलची चिळकांडी अंगावर येते.

गेज बसलं की कपलर आणि वायर परत जोडा आणि इग्निशन चालू करा. पंप दोन-तीन सेकंद घूंऽऽ असा आवाज करून थांबेल आणि काटा ३ बारच्या आसपास गेला पाहिजे. मग गाडी उभी ठेवून रेस द्या. काटा खाली येऊ लागला तर पंपाला पेट्रोल पुरत नाही: जाळी तुंबली आहे, नळी कुठे दुमडली आहे किंवा झाकणातून हवा आत जात नाही. झाकणाची शंका लगेच फेडता येते. झटके सुरू झाल्यावर गाडी बाजूला घेऊन झाकण उघडा. सूंऽ करत हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर श्वासाचं छिद्र बंद आहे. रंगकाम करताना ते बुजलेलं पुष्कळदा सापडतं.

दाब ३ वरून २ बारवर आला तर इंजेक्टर तेवढ्याच वेळात सुमारे १८ टक्के कमी पेट्रोल सोडतो. ईसीयू दाब मोजत नाही, तो फक्त इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. मंद चालीत ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो, म्हणून शहरात काही जाणवत नाही. पूर्ण थ्रॉटलला ती दुरुस्ती होत नाही आणि इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालतं. तशी लांबवर चालवू नका, पिस्टन आणि व्हॉल्व्ह तापतात.

गरम असताना चालू न होण्याचं कारण वेगळं असू शकतं. इग्निशन बंद केल्यावर काटा पाहा. तो लगेच शून्यावर आला, तर पंपातला उलटा न जाऊ देणारा व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर दाब धरत नाही. मग तापलेल्या नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. तोवर उपाय म्हणून सेल्फ मारण्यापूर्वी इग्निशन दोन-तीनदा चालू-बंद करा, म्हणजे पंप नळी पुन्हा भरतो.

प्रश्न: जुन्या टाकीत आतून गंज आहे. अस्तर करावं का? आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, ते अस्तराला चालतं का? (वाचक, रत्नागिरी)

कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडा गंज बाऊलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत, बसून राहायचा. इंजेक्शनला तो अजिबात चालत नाही, पंपाची जाळी तुंबली की वरच्या उत्तरातली सगळी लक्षणं दिसू लागतात. १ लिटर कोमट पाण्याला १०० ग्रॅम या प्रमाणात सायट्रिक ॲसिड विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. जाड गंज असेल तर आत मूठभर नट टाकून आधी हलवून घ्या, नंतर ते मोजून बाहेर काढा. ॲसिड ओतून दिल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, आणि लगेच गरम हवेने वाळवा. कोकणातल्या दमट हवेत ओली टाकी तासाभर राहिली तरी तिच्यावर नारिंगी थर येतो.

पत्रा शाबूत असेल तर अस्तर करू नका असंच आमचं मत आहे. स्वच्छ टाकी वापरात आणि भरलेली ठेवली की पुरतं. बारीक छिद्रं असतील तरच इथेनॉल चालणारं दोन घटकांचं इपॉक्सी अस्तर करा आणि डब्यावर लिहिलेले वाळण्याचे दिवस पूर्ण पाळा. जुनी अस्तरं ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये सुटतात आणि त्यांचे पापुद्रे जाळीवर चिकटतात. अस्तर ओतताना पंपाच्या बैठकीवर आणि बोल्टच्या आट्यांवर टेप लावायला विसरू नका. फायबरच्या जुन्या टाक्या मात्र इथेनॉलने मऊ पडतात, त्या भिंतीवर टांगायलाच ठेवा.

प्रश्न: बीएस-६ स्प्लेंडरला जुन्या स्प्लेंडरची टाकी लावता येईल का? (वाचक, बीड)

अडचण तीच आहे. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) स्प्लेंडर इंजेक्शनची आहे आणि तिचा पंप टाकीच्या आत आहे. एवढ्या कामाच्या पैशात बीएस-६ ची टाकीच घ्या आणि तिच्यावर जुन्या गाडीचे पट्टे आणि स्टिकर करून घ्या.

प्रश्न: बीएस-६ गाडीच्या टाकीची एक बारीक नळी कॅनिस्टरकडे जाते. जुन्या टाकीला ते तोंडच नाही. नळी बंद करून टाकू का? आरटीओची अडचण येते का? (वाचक, ठाणे)

बंद करू नका. त्या नळीतून टाकीतली वाफ कॅनिस्टरमधल्या कोळशात जाते आणि इंजिन चालू असताना तिथून इंजिनात जाऊन जळते. अशा गाडीचं झाकणही त्याच हिशेबाने बनवलेलं असतं. त्यामुळे नव्या पद्धतीचं झाकण ठेवून नळी बुजवली, तर टाकीत निर्वात पोकळी तयार होऊ शकते. टाकीचं काम चालूच असेल तर वरच्या भागात, पेट्रोलच्या पातळीच्या वर, मूळ नळीच्या मापाचं निप्पल ब्रेझ करून घ्या. नळीत रोल-ओव्हर व्हॉल्व्ह असेल तर तो मूळ दिशेतच बसवा.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायला आडकाठी करतं, आणि बाष्प रोखणारी ही व्यवस्था गाडीच्या प्रदूषण मंजुरीचा भाग आहे. पीयूसीच्या तपासणीत फक्त सायलेन्सरचा धूर मोजतात, म्हणून तिथे हे पकडलं जात नाही. मात्र आगीचा दावा आला तर विमा कंपनीचा सर्व्हेयर टाकी आणि नळ्या पाहतो. काम करण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा.

प्रश्न: टाकी बदलल्यापासून पेट्रोलचा दिवा कायम पेटलेला असतो. (वाचक, जळगाव)

सेन्सर जोडलेला नाही किंवा त्याचा रेझिस्टन्स तुमच्या मीटरशी जुळत नाही. मूळ पंपासोबतचाच सेन्सर वापरा. बाहेरचा पंप लावला असेल तर दिव्यावर विसंबता येणार नाही. टाकी भरल्यावर ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि तळ गाठण्याआधी पेट्रोल पंपावर जा. इथे रिझर्व्ह नाही, आणि कोरडा फिरलेला पंप काही मिनिटांतच खराब होऊ शकतो.

प्रश्न: याच्या उलट करता येतं का? कार्ब्युरेटरच्या क्लासिक ३५० ला ५०० ची टाकी मिळाली आहे. (वाचक, सोलापूर)

हे पुष्कळ सोपं आहे, वेल्डिंगही लागत नाही. पंपाच्या भोकावर ५ मिमी ॲल्युमिनियमची चकती लावा. तिची बोल्टची भोकं मूळ पंपाच्या चकतीवरून आखून पाडा. कॉकच्या मापाचे आटे पाडायला ही जाडी कमी पडते, म्हणून तेवढ्या जागी चकती १० मिमी जाड ठेवून लेथवर बनवून घ्या. पॅकिंग विटॉनचं घ्या, कारण साधं रबर इथेनॉलने फुगतं. कॉकची रिझर्व्हची नळी चकतीच्या वर किती राहते ते मोजा. ती फार उंच राहिली तर तळाचं पेट्रोल वापरातच येणार नाही, आणि चकतीला टेकली तर तळाचं पाणी थेट कार्ब्युरेटरमध्ये जाईल. ४ ते ५ मिमी अंतर पुरतं.